रीफ टँक ठेवून माणसाला नक्की मिळतं काय?

कोथरूडकर88:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार फुटी प्लांटेड टँक आहे, गोड्या पाण्याचा, निऑन टेट्रा, कोरी, थोडे श्रिंप, व्यवस्थित चाललाय. आता डोक्यात रीफचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ ठेवायच्या टँकचा, किडा शिरलाय आणि काही केल्या निघत नाहीये. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) कुठला, लाइट कुठली, दगड कसे रचायचे हे शोधलं की सापडतं, व्हिडिओ तर इतके पडलेत की बघता बघता रिटायर होईन. माझा प्रश्न वेगळाय. ज्यांनी हे बरीच वर्षं केलंय त्यांनी खरं खरं सांगा, यातून तुम्हाला स्वतःला काय मिळतं? कारण घरी विषय काढल्यावर बायकोने कागद घेऊन शांतपणे हिशोब मांडला, टँक, पाणी थंड ठेवणारा चिलर, लाइट, मीठ, आरओ, दर महिन्याचं वीजबिल, आणि म्हणाली एवढ्यात आपण दोघं लक्षद्वीपला जाऊन खरं प्रवाळ बघून येऊ, आणि उरलेल्या पैशात परत एकदा जाऊ. मी म्हटलं अगं बघत बसलं की मन शांत होतं. तर म्हणाली मग रोज सकाळी पर्वती चढत जा, फुकट आहे, पोट पण कमी होईल. यावर मला काही बोलता आलं नाही. म्हणून इथे विचारतोय. "सुंदर दिसतं" हे उत्तर नको, ते मलाही माहितीये.

खाऱ्यापाण्यातला_डोंबिवलीकर:
वहिनींचा हिशोब बरोबर आहे, वाद घालू नकोस, हरशील. आणि मन शांत होतं हे कारण तर अजिबात देऊ नको, कारण पहिलं वर्षभर शांत बिंत काही होत नाही. आधी टँक सायकल व्हायची, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू बसायची, वाट बघायची, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, महिना-दीड महिना नुसतं खारं पाणी आणि दगड यांच्याकडे बघत बसायचं. मग वाळूवर तपकिरी डायटम पसरणार, ते आवरले की हिरवं केसाळ शेवाळ, आणि नशीब जोरावर असेल तर वरून लालसर सायनोची चिकट साय. पाहुणे येतात आणि विचारतात हे असंच असतं का हो.

तरी ठेवलाय, आणि काढणार नाही. लक्षद्वीपचंच उदाहरण घेऊ. मी अंदमानला डाइव्ह केलंय, पाण्याखाली जेमतेम पाऊण तास मिळतो, त्यात नवशिक्याचा अर्धा वेळ कान आणि मास्क सांभाळण्यात जातो, जे दिसतं ते भन्नाट असतं हे शंभर टक्के मान्य. पण तिथे दिसलेला मासा परत तुला कधी भेटत नाही. घरात उलट आहे, मोजके जीव, पण रोज तेच. माझ्याकडे एक पिवळा वॉचमन गोबी मासा आणि एक पिस्टल श्रिंप आहे, दोघांचं बीळ एकच. श्रिंपला नजर जवळजवळ नसतेच. ती दिवसभर वाळू उपसून बाहेर आणून टाकते आणि बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते, गोबी दारात बसून पहारा करतो, काही धोका वाटला की शेपटी थरथरवतो आणि ती झटक्यात आत. आता हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात न मिळणारी गोष्ट म्हणजे मी समोर गेलो तर हा गोबी जागचा हलत नाही आणि माझा मेव्हणा आला की दोघंही गायब. मेव्हण्याला हे अजून सांगितलेलं नाही.

किंवा कात. सकाळी मुलगी ओरडत आली की क्लीनर श्रिंप मेली, बघतो तर खरंच आडवी पडलेली, पांढरट, मिशांसकट अख्खी. पोरगी रडायला लागली, मी जाळी शोधायला गेलो, आणि तेवढ्यात तीच बाई दगडामागून हळूच डोकावली. ते नुसतं वरचं कवच होतं. कात टाकल्यावर अंग मऊ असतं म्हणून त्या लपून बसतात. आता आमच्याकडे कात सापडली की पोरगी ती वहीत चिकटवते, कशी चिकटवते विचारू नको, घरभर वास येतो.

आणि रात्री बघ. लाइट बंद झाल्यावर तास-दोन तासांनी टॉर्चला लाल कागद लावून बघायचं, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. दिवसा जिथे काहीच नव्हतं तिथल्या प्रत्येक भोकातून ब्रिटल स्टारचे (तारामाशाचा चुलतभाऊ) बारीक हात बाहेर आलेले असतात, काचेवर ठिपक्याएवढे कोपेपॉड पळतात, ब्रिसल वर्म नावाचे केसाळ किडे दगडाखालून निघून उरलंसुरलं अन्न साफ करतात. यातलं काही मी विकत आणलेलं नाही, दगडाबरोबर, कोरलच्या बुडख्याबरोबर आलेले फुकटे आहेत सगळे. आणि माझ्या मते विकत आणलेल्यांपेक्षा हे फुकटेच जास्त बघण्यासारखे असतात. तर मला काय मिळतं म्हणशील तर ओळख मिळते. निसर्ग, पर्यावरण एवढं मोठं काही नाही, त्या ठरावीक आठ-दहा जीवांशी ओळख.

नादखुळा_कोल्हापूर:
भावा कशाला एवढा इचार करालायस. पाण्यात हात घातला की क्लीनर श्रिंप येऊन नखं साफ करून जाते, पार्लरला पैसे देऊन असलं मिळत नाही. वहिनीला एकदा कुणाच्यात तरी नेऊन हात घालायला लाव टँकमध्ये, हिशोबाचा कागद आपोआप फाटंल. फक्त हाताला क्रीम, साबण, काय लावलेलं नको, आधी नुसत्या पाण्यानं धुवून घ्यायचा. आमच्या गावात मीठ मिळत नाही, टेस्ट किट मिळत नाही, सगळं पार्सलनं मागवतो, तरीपण सोडवत नाही.

दादरचा_ओहोटीवाला:
कोणीतरी दुसरी बाजू सांगायला हवी म्हणून लिहितो. मी रीफ ठेवला आणि मग बंद केला, राजीखुशीने. घर बदलायचं होतं, नव्या घरात जागा नव्हती, सगळे जीव एका मित्राच्या टँकमध्ये गेले आणि तिथे मजेत आहेत.

तुम्ही फक्त गंमत सांगताय, पण गणपतीला गुहागरला जायचं झालं की किल्ली कोणाकडे द्यायची इथून सुरुवात होते. शेजारच्या काकूंना पुड्या बांधून द्यायच्या, सोमवारची पुडी, मंगळवारची पुडी, कारण त्यांच्या हातात डबा दिला तर त्या मायेने अर्धा डबा ओततात. बाष्पीभवन झालं की वरून गोडं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही, कारण पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं, हे समजावताना तर घसा कोरडा. ऐन मे महिन्यात चिलर बंद पडला आणि ज्याने विकला तो दुकानदार फोन उचलेना, तेव्हा घरातले सगळे टेबल फॅन टँकवर लावले होते आणि आम्ही चौघं घामाने निथळत त्यांच्याकडे बघत होतो. यात कसलं आलंय समाधान.

पण प्रश्न काय मिळतं असा आहे ना, तर मला मिळाली ती नजर, आणि ती टँक गेल्यावरही राहिली. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर, म्हणजे गिरगाव, हाजी अली, जुहू, कार्टर रोड, ओहोटीला खडक उघडे पडतात. मी जन्माने दादरचा, लहानपणापासून ते खडक बघतोय, मला ते नुसते काळे घाणेरडे दगडच वाटायचे. टँक ठेवल्यानंतर पहिल्यांदा खाली वाकून बघितलं तर आख्ख्या खडकावर झोअँथिडचा (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळाचे मऊ भाऊबंद) गालिचा! ज्याचा चार तोंडांचा तुकडा मी पैसे मोजून आणला होता त्याचे चुलतभाऊ इथे फुकट, त्या चहाच्या रंगाच्या पाण्यात. अॅनिमोन, समुद्री गोगलगाई, खेकडे, सगळं. वरळी आणि हाजी अलीला तर खरे दगडी प्रवाळ सापडले, 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी ते तिथून उचलून दुसरीकडे लावले, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेऊन. म्हणजे मुंबईत प्रवाळ आहे हे कागदोपत्री सरकारला पण मान्य आहे, फक्त मुंबईकराला माहीत नाही.

मरीन लाइफ ऑफ मुंबई म्हणून एक गट 2017 पासून ओहोटीला लोकांना असं किनाऱ्यावर फिरवतो. माझा सल्ला, कोथरूडकर, आधी वहिनींना घेऊन एकदा तिकडे जा. कदाचित तेवढ्यानेच किडा शांत होईल आणि वीजबिल वाचेल. आणि तिथलं काही उचलून घरी आणायचं नाही हे सांगायला नको.

खाऱ्यापाण्यातला_डोंबिवलीकर:
ओहोटीवाले, पुड्यांचं अगदी खरं. आम्ही आता ऑटो फीडर लावलाय आणि उडालेलं पाणी भरायला फ्लोट वाला पंप, तरी सासूबाई पुढच्या गाडीने येतात लक्ष ठेवायला. पण एक सांगू का, तुम्ही वाकून बघितलंत ते टँक ठेवल्यामुळेच ना? मग आता टँक नको असं दुसऱ्याला सांगताय ते कसं 😄

दादरचा_ओहोटीवाला:
नको म्हटलं नाही रे बाबा. आधी वाकून बघा म्हटलं.

एडिसनची_केमिस्ट:
मी जरा वेगळ्या कारणाने लिहितेय, थोडं लांबेल. मी रुईयाची, केमिस्ट्री घेऊन एमएस्सी केलेली. लग्न होऊन इथे न्यू जर्सीला आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, आणि तेव्हा त्यावर नोकरी करताच यायची नाही. 2015 मध्ये नियम बदलला आणि काही जणींना परवानगी मिळायला लागली, पण त्याच्या आधीची वर्षं म्हणजे सकाळी हे ऑफिसला गेले की मी, चार भिंती आणि बाहेर बर्फ. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने देश सोडताना त्याचा लहानसा रीफ टँक आम्हाला देऊन टाकला, खरं म्हणजे गळ्यात मारला.

त्याच्याबरोबर टेस्ट किटचा डबा होता. अल्कलिनिटीची (ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटची) टेस्ट म्हणजे सरळ सरळ टायट्रेशन आहे हो! थेंब थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचे. मी किती तरी दिवसांनी हातात सिरिंज धरून रंग बदलताना बघितला आणि मला त्या स्वयंपाकघरात जे काही वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. त्या दिवसापासून वही घातली. अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच, कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम 1300 च्या वर, आणि क्षारता 35, हे सगळं जागेवर ठेवायचं. आता यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट सांगते. दगडी कोरल आपला सांगाडा बांधायला पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतं. कोरल वाढलं की नाही हे डोळ्याला कळायला महिने लागतात, पण वहीत आधी कळतं. कालपर्यंत जेवढा डोस पुरत होता तेवढा पुरेनासा होतो, आकडा खाली यायला लागतो, म्हणजे आतमध्ये कोणीतरी जोरात बांधकाम काढलंय. नवरा म्हणतो तू टँक बघतच नाहीस, वही बघतेस. बरोबर आहे त्याचं.

डोस म्हणून मी चुन्याची निवळी वापरते, इथले लोक तिला काल्कवासर म्हणतात आणि फार मोठं काही असल्यासारखं बोलतात. आरओच्या पाण्यात चुना कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी रात्रभर थेंब थेंब सोडायचं. पीएच बारापर्यंत असतो त्याचा, त्यामुळे एकदम ओतलं तर टँक खलास, आणि डोळ्यात उडू द्यायचं नाही.

आणि दुसरं मिळालं ते म्हणजे माणसं. इथे क्लबात फ्रॅग अदलाबदल होते, फ्रॅग म्हणजे कोरलचा छाटलेला तुकडा, दगडी कोरलचे घरी वाढवलेले तुकडे इथे कायदेशीर मिळतात. माझं इंग्रजी तेव्हा बोलताना अडखळायचं, पण अल्कलिनिटीवर बोलायला कुठे फार इंग्रजी लागतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, रिटायर्ड प्लंबर, त्यांना मी माझ्या हिरव्या मॉन्टिपोराचा, म्हणजे एका दगडी कोरलचा, तुकडा दिला होता. 2012 ला ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ आलं, आमच्याकडे दिवसेंदिवस वीज नाही, बाहेर थंडी. टँकला आईने पाठवलेली गोधडी गुंडाळली, गॅसवर पाणी गरम करून बाटल्या भरून टँकमध्ये सोडल्या, बॅटरीचा एअर पंप लावला. मासे वाचले, कोरल बहुतेक गेली. तर वीज आल्यावर हे प्लंबर आजोबा डबा घेऊन दारात हजर, त्यात माझ्याच मॉन्टिपोराचा तुकडा. त्यांच्याकडे जनरेटर होता. म्हणाले तू दिलेलंच परत आणलंय. म्हणून रीफवाले एकमेकांना तुकडे देत राहतात, स्वतःचं कोरल दुसऱ्या घरी जिवंत असलं की आपलं बुडालं तरी संपत नाही.

कोथरूडकर, तुमच्या बायकोला मन शांत होतं वगैरे सांगू नका, मलाही कोणी ते सांगितलं असतं तर मी टँक परत दिला असता. त्यांना विचारा त्यांना काय आवडतं.

रत्नांग्रीची_मत्स्यवाली:
एडिसनताई, तुमची पोस्ट हॉस्टेलवर सगळ्यांना वाचून दाखवली. मी इथे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. पण कोथरूडकर दादा, ताईंचं वाचून लगेच मॉन्टिपोरा शोधायला जाऊ नका म्हणून लिहितेय. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे हे सगळे शेड्यूल एकमध्ये आहेत. समुद्रघोडे पण तेव्हाच त्यात आले. म्हणजे वाघाच्या पंगतीत. दुकानदार हळूच म्हणतो "साहेब इम्पोर्टेड आहे", तर दगडी प्रवाळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइटिसचे (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागतात, ते दाखव म्हणायचं, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. समुद्रातून काढलेला प्रवाळी दगडसुद्धा नको, माणसाने बनवलेला कोरडा दगड मिळतो, वर्षभरात त्यावर पण जांभळी कोरलाइन (दगडासारखं कडक शेवाळ) चढते आणि कोणाला फरक कळत नाही.

सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या, कोरलवर आख्खा सुंदर टँक होतो, मशरूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, झोआ (झोअँथिड). यांना कॅल्शियमची फार काळजी नाही, नेमाने पाणी बदललं तरी भागतं. फक्त झोआ आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालायचा, त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि ते भयंकर विष आहे. आणि ज्या दगडावर ते आहेत तो दगड साफ करायला म्हणून उकळायचा तर कधीच नाही, वाफेतून विषबाधा होऊन घरची घरं हॉस्पिटलात गेल्याची उदाहरणं आहेत.

मासे घेताना घरात पैदास झालेले घ्या. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) कधीच जमवली आहे, ऐरोलीला कांदळवन कक्षाची पण हॅचरी आहे. टँकमध्ये जन्मलेला मासा टँकमध्ये रुळलेला असतो, पेलेट खातो, आणि आपल्यामुळे कुठल्या रीफवरून एक मासा कमी झाला ही टोचणी राहत नाही. मला विचाराल तर यातून मिळणाऱ्या समाधानात ही टोचणी नसणं फार मोठं आहे. कोणी मानत नाही पण.

ठाण्याचा_रिटायर्ड:
सर्वांना नमस्कार. मोबाइलवर टाइप करतोय, चुका पदरात घ्या. मी बँकेतून निवृत्त झालो, मुलाने टँक बसवून दिला आणि तो बंगलोरला गेला. आता टँकची देखभाल मीच करतो. रविवारी सकाळी पाणी बदलणे. आदल्या रात्री आरओच्या पाण्यात मीठ मिसळून पंप लावून ठेवणे, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचे यंत्र) 1.025 आले की नाही पाहणे. बँकेत असताना रविवार कधी उजाडला आणि मावळला कळत नसे, आता रविवारला काम आहे म्हणून बाकीचे वार पण कळतात.

माझ्या क्लाउनफिशच्या जोडीने अंडी घातली. आधी ते दोघं कौलाचा एक तुकडा तोंडाने घासून साफ करत होते, मला वाटले भूक लागली असेल. मग त्यावर केशरी ठिपके. नर रात्रंदिवस पंखांनी वारा घालतो, खराब झालेली अंडी तोंडाने वेचून काढतो, मादी मात्र आरामात फिरत असते. रोज रंग बदलत जातो, केशरीचे तपकिरी, आणि मग रुपेरी ठिपके दिसायला लागतात, ते म्हणजे पिल्लांचे डोळे. प्रत्येक अंड्यातून दोन डोळे तुमच्याकडे बघतात. आठवडाभराने रात्री अंधार झाला की फुटतात. पिल्ले वाढवायची तर रॉटिफर नावाचे सूक्ष्म जीव घरात वाढवावे लागतात, आणि रॉटिफरसाठी हिरवे पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, वाढवावे लागते. मी सध्या हिरव्या पाण्यापर्यंत पोचलो आहे. खिडकीत बाटल्या बघून आमची ही म्हणाली, "आता बाळंतपणं काढायला वेळ आहे यांना, माझ्या दोन्ही वेळेला ब्रँचचं ऑडिट होतं."

आणखी एक. या माशांत सगळे आधी नर असतात, कळपातला सर्वात मोठा तो मादी होतो, आणि मादी गेली की तिचा नर मादी होतो. हे नातवाला सांगितले तर त्याने शाळेत बाईंना सांगितले आणि बाईंनी मला फोन केला. मग बाईंना पण सांगितले.

पीजी_वाला_पोऱ्या:
काका 😂😂 ऑडिट

ते मन शांत होण्यावर एक सांगतो, सगळे त्याच्यावर तुटून पडलेत म्हणून. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मत्स्यालयात 2015 ला छापून आलेला अभ्यास आहे, मोठ्या टँकमध्ये मासे नसताना, मग माशांनी अर्धवट भरल्यावर, मग पूर्ण भरल्यावर लोकांना समोर बसवून मोजलं, तर बघता बघता नाडी आणि बीपी खाली येतं, नुसत्या रिकाम्या पाण्याकडे बघून पण थोडं येतं. म्हणजे शास्त्रीय आधार आहे.

दादरचा_ओहोटीवाला:
त्या लोकांना घरी जाऊन स्किमरचा कप धुवायचा नव्हता. तो धुतल्यावर बीपी मोजायला हवं.

कोथरूडकर88:
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. सगळा धागा बायकोला वाचायला दिला. डोंबिवलीकरांच्या गोबीवर ती हसली, ठाण्याच्या काकूंचं वाक्य तिने आईला फोन करून सांगितलं, आणि एडिसनताईंचं वाचून बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली तुला काय मिळेल ते कळलं, मला काय मिळेल? मी म्हटलं क्लीनर श्रिंप नखं साफ करेल. त्यावर जो लुक मिळाला तो सोडा.

तिचे प्रश्न असे आहेत. एक, वास येतो का. दोन, भिंतीवर आणि फर्निचरवर मीठ चढतं असं तिने कुठेतरी वाचलंय, ते पुसणार कोण. तीन, बेडरूममध्ये ठेवला तर चालेल का कारण हॉल तिला मोकळा हवाय. चार, लहान टँक घेतला तर खर्च कमी येईल का, एक-दीड फुटाचा वगैरे. आणि मत्स्यवाली ताई, दगडी कोरल बाद, समजलं, सॉफ्टच करू.

खाऱ्यापाण्यातला_डोंबिवलीकर:
वास, टँक निरोगी असेल तर समुद्रावर येतो तेवढा हलका, तो पण झाकण उघडल्यावरच. स्किमरचा कप मात्र भयाण, तो रिकामा करताना बायकोला बाहेर पाठव. मीठ चढतं हे खरंय, काठावर, वायरींवर, जिथे जिथे शिंतोडा उडतो तिथे, ओल्या फडक्याने दोन-तीन दिवसांनी पुसलं तर काही नाही, महिनाभर सोडलं तर खरवडावं लागतं. पुसणार कोण हे तुला माहितीये. आणि वायरींना खाली लोंबता झोल ठेवून मगच प्लग लाव, नाहीतर वायरीवरून ओघळणारं खारं पाणी थेट सॉकेटमध्ये.

बेडरूम नको. चिलर स्वतः गरम हवा बाहेर फेकतो, बंद खोलीत तो खोली तापवतो आणि तापलेली खोली परत टँक तापवते, वर पंपाची घूं घूं रात्रभर. निळी लाइट पण संध्याकाळी उशिरापर्यंत असते.

लहान टँक स्वस्त पडतो पण नवख्याला तोच जास्त दमवतो. पाणी कमी म्हणजे उन्हाळ्यात दुपारभरात तापमान वर, क्षारता वर, एक मासा मेला तर अमोनिया वर. तीन फुटी, दीडशे-दोनशे लिटरचा घे, त्याला चुका पचतात. चिलर नवीन घ्यायची घाई नको, कोणीतरी हॉबी सोडत असतं, सेकंडहँड चांगला मिळून जातो, फक्त चालू करून पाणी थंड होताना बघून मगच पैसे दे. आणि आधी पुण्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोज, सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर आरओच्या पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लागेलच, टीडीएस शून्य यायला पाहिजे.

एडिसनची_केमिस्ट:
तुमच्या मिसेसना विचारा त्यांना वही ठेवायला आवडेल का. हिशोब ज्यांनी कागदावर मांडला त्यांना आवडेल असं मला उगाच वाटतंय. अल्कलिनिटीची किट सॉफ्ट कोरलला फार लागत नाही, तरी एक आणा.

कोथरूडकर88:
ताई विचारलं. म्हणाली "बघू". आमच्याकडे बघू म्हणजे नाही पण असतं आणि हो पण, पण आवाज हो वाला होता.

ठरलंय असं की आधी ओहोटीवाल्या दादांचं ऐकायचं. मुंबईला तिची मावशी आहे गिरगावात, तिथे मुक्काम करून सकाळी किनाऱ्यावर जायचं, मग पुढचं. दादा, कधी गेलेलं बरं आणि पायात काय घालायचं?

दादरचा_ओहोटीवाला:
पावसाळ्यात नको. थंडीत अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस बघ, त्या वेळी मुंबईत सकाळी सहाच्या सुमाराला पाणी पार आत गेलेलं असतं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक ऑनलाइन मिळतं, त्यात ज्या दिवशी उंची सगळ्यात कमी दाखवतेय तो दिवस धर आणि त्या वेळेच्या तासभर आधी पोच. पाणी फिरलं की मागे यायचं, अजून एक फोटो म्हणून थांबायचं नाही. फ्लोटर किंवा चपला अजिबात नको, शेवाळ्यावर सटकशील आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडच्या धारेच्या असतात. जुने रबरी तळव्याचे बूट, मोजे घालून, नंतर टाकून द्यायची तयारी ठेवून. मावशींकडे परत जाताना ते बूट दाराबाहेर काढ.